मामींचा भाचा कॉम्पेन्सेशनमध्ये

मामींच्या घरात दिवस कुकरच्या शिट्टीनं सुरू व्हायचा आणि ती शिट्टी आम्हाला डोक्यावरून ऐकू यायची, कारण आई आणि मी बेसमेंटमध्ये राहत होतो. आधी शिट्टी, मग मामींच्या सपाता, मग मामांचं खाकरणं आणि सगळ्यात शेवटी फोडणीचा वास. तो गरम हवेच्या जाळीतून खाली यायचा आणि माझ्या उशीत मुक्काम करायचा. आता माझ्या दोन्ही कानांत दोन चिमुकली यंत्रं आहेत, बायकोनं स्वतः तपासून बसवलेली, आणि त्यांतून सगळ्या जगाचा आवाज थोडा पत्र्यासारखा येतो. पण ती शिट्टी ऐकायला यंत्र लागत नाही. परदेशातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या त्या घराचा नुसता विचार केला की वाजते.

आम्ही तिथं कसे पोचलो हे थोडक्यात सांगतो. वडील गेल्यावर मामांनी आईला तिकडं बोलवून घ्यायचे कागद केले आणि कागद पिकायला इतकी वर्षं लागली की तोवर मी आठवीत दोनदा नापास होऊन शाळा सोडली होती आणि इचलकरंजीत मागाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लेथच्या दुकानात लागलो होतो. मामा युनिव्हर्सिटीत प्रयोगशाळेत होते. त्यांच्या ओळखीतला प्रत्येक माणूस एकतर डॉक्टर होता किंवा डॉक्टरेट करत होता, आणि मध्येच आठवी नापास भाचा विमानातून उतरला. मामा स्वभावानं इतके सज्जन की त्यांनी ही गोष्ट मला कधी जाणवू दिली नाही. मीच ती रोज सकाळी दाढी करताना स्वतःला सांगायचो.

उपकाराचं ओझं माणसाला विचित्र वागायला लावतं. मी सगळ्यांना थँक्यू म्हणायचो. कॅम्पसच्या बसमध्ये चढताना ड्रायव्हरला, उतरताना पुन्हा त्यालाच. दुकानाचं दार आपोआप उघडलं तर दाराला. मामींनी ताटात दुसरी पोळी वाढली की थँक्यू, आमटी वाढली की थँक्यू, आणि नको म्हटल्यावर त्यांनी वाढली नाही तर त्याबद्दलही थँक्यू. एकदा त्या म्हणाल्या, "बाळू, हॉटेलात आहेस का रे?" मी म्हटलं, नाही मामी, थँक्यू.

मामी मूळच्या पुण्याच्या. हाताला चव होती, आवाजाला धार होती. ती धार मामांना रोज मिळायची. ओला टॉवेल, उघडं राहिलेलं गॅरेज, वर्तमानपत्राची पानं उलटसुलट, कशावरूनही. फोनवर मैत्रिणींनाही त्या बिनदिक्कत झापायच्या. आम्हा दोघांशी मात्र नेहमी मऊ. आईला म्हणायच्या, "वन्सं, तुम्हाला वेळ झाला तर, घाई नाही हं, तेवढी मेथी निवडाल का?" आई बेसमेंटमध्ये येऊन म्हणायची, "बाळू, वहिनी लईच गोड बोलतात. मला भ्या वाटतं." मलाही वाटायचं. आमच्याआधी त्या बेसमेंटमध्ये मामांच्या चुलतभावाचा मुलगा राहून गेला होता. त्यानं मराठी मंडळाच्या गणपतीत चारचौघांत मामींचं काहीतरी खोटं पाडलं होतं. त्याला त्या एका शब्दानंही बोलल्या नाहीत. पुढच्याच आठवड्यात दशम्या आणि लसणीची चटणी इतक्या प्रेमानं बांधून दिली, की बस फिलाडेल्फियाच्या वाटेला लागेपर्यंत त्याला कळलंच नाही आपल्याला घरातून काढलंय. ही गोष्ट मामांनी मला हसत हसत सांगितली. मी काही हसलो नाही. मामींना चारचौघांत खाली बघायला लागलं तर आईच्या आणि माझ्या दशम्या बांधल्या जाणार, एवढं मी मनाशी पक्कं धरलं होतं. मला फारतर कुठंही झोपता आलं असतं. पण आईला इंग्रजीत पाणीसुद्धा मागता येत नव्हतं.

नोकरी मामांनीच शोधली. किराणा दुकानाच्या फळ्यावर लेथवर काम करणारा माणूस पाहिजे अशी चिठ्ठी होती. गावाबाहेर, मक्याच्या शेतांपलीकडे एक जुनं कोठार होतं. बाहेर पाटी फक्त मालकाच्या नावाची आणि खाली 'मशीन वर्क'. मालक डेल, दाढीत लाकडाचा भुसा असलेला धिप्पाड माणूस. त्यानं मला लोखंडाचा एक तुकडा दिला, एक माप दाखवलं आणि बाहेर जाऊन सँडविच खाऊन आला. तोवर मी तुकडा कातून ठेवला होता. त्यानं माप लावून बघितलं, माझं नाव विचारलं, बाळू सांगितल्यावर ते 'ब्लू' असं ऐकलं आणि त्या दिवसापासून मी ब्लू झालो. बंदुकीच्या लोखंडाला जो निळाकाळा रंग चढवतात त्यालाही तिथं तसंच काहीसं म्हणतात, त्यामुळे गिऱ्हाइकांना ते नाव कामावरून पडलंय असं वाटायचं.

बंदुका आहेत हे मला दुपारी कळलं. सकाळभर मी नळ्या घासत होतो आणि त्या नळाच्या आहेत असं समजत होतो. जेवणानंतर डेलनं एका नळीला मूठ आणि फिरती चकती जोडली आणि ती चीज माझ्या हातात दिली. रिव्हॉल्व्हर. आमच्या मामींच्या लाटण्याएवढी लांब आणि खलबत्त्याएवढी जड. मी ती दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो आणि थँक्यू म्हटलं.

डेलचा धंदा ऐकून मला आधी तो वेडाच वाटला. चांगली, महागाची, कुठंही न गळणारी नळी लोक त्याच्याकडे आणून द्यायचे आणि तो तिला तोंडाजवळ वरच्या बाजूनं भोकं पाडून परत करायचा. लोक खूश होऊन न्यायचे. त्यानं मला समजावलं ते असं. रिव्हॉल्व्हरची नळी असते वर आणि हात असतो खाली. गोळी सुटली की धक्का नळीच्या रेषेत मागं येतो, पण त्याला अडवणारा हात खालच्या अंगाला, म्हणून सगळं हत्यार मनगटावर गोल फिरतं आणि तोंड आभाळाकडे जातं. मोठ्या काडतुसात इतकी दारू असते की नवख्याच्या कपाळावर स्वतःचीच नळी येऊन बसते. आता गोळीच्या मागून जो तापलेला वायू धावत येतो, त्याला गोळी बाहेर पडण्याआधीच वरच्या भोकांतून वाट करून दिली, की तो जोरानं वर उडतो आणि नळीला खाली दाबतो. ही झाली पोर्टिंगची भोकं. काहींना तेवढ्यानं भागत नाही. मग नळीच्या टोकाला एक वेगळा लोखंडी डबा चढवायचा, आत पडदा, वर खाचा. वायू पडद्यावर आपटतो, हत्याराला थोडं पुढं ओढतो आणि मग वरच्या खाचांतून जातो. त्या डब्याचं नाव कॉम्पेन्सेटर. मी म्हटलं, आमच्याकडे कुकरची शिट्टी असते, तसंच ना? डेलनं कुकर कधी बघितला नव्हता. त्यानं विचारलं, तुमचं भांडं उडी मारतं का? मी म्हटलं, नाही. मग तसं नाही, तो म्हणाला. आणि मग दाढी खाजवत म्हणाला, म्हणजे तसंच, पण तुमचं भांडं शहाणं आहे.

फुकट काही मिळत नाही हेही त्यानंच सांगितलं. धक्का नाहीसा होत नाही, फक्त तोंड वर जाण्याचं कमी होतं. गोळीचा वेग किंचित जातो. रात्री डोळ्यांसमोर जाळ दिसतो. आणि आवाज इतका वाढतो, की चालवणाऱ्यापेक्षा शेजारी उभा असलेला जास्त वैतागतो. माझं काम म्हणजे भोकाच्या आतल्या काठावर राहिलेली लोखंडाची बारीक टोचरी कूस काढणं, कारण ती राहिली तर जाणारी प्रत्येक गोळी तिथं खरवडते. हे काम मला जमायचं. शाळेत मला काहीच जमलं नव्हतं, गणितात तर दर परीक्षेला भोपळा. इथं मी नळीत बोटभर दिवा धरून बघायचो आणि सगळ्या भोकांचे काठ एकसारखे चमकताना दिसले की पोटात काहीतरी शांत व्हायचं. गोळी मात्र मी कधीच उडवली नाही. डेल मागच्या माळावर चाचणी करायचा तेव्हा मी कोठाराच्या दुसऱ्या टोकाला झाडू घेऊन जायचो.

पहिल्या संध्याकाळी जेवताना मामींनी विचारलं, कसलं काम आहे रे? मी म्हटलं, कॉम्पेन्सेटर बसवतो मामी. "कॉम्पेन्सेशनला बसवलं?" मामी मामांकडे वळल्या. "अहो, ऐकलंत? पहिल्या दिवशी कॉम्पेन्सेशनमध्ये, नुकसानभरपाईच्या खात्यात घेतलं ह्याला." मी म्हटलं, सेशन नाही मामी, सेटर, नळीला भोकं असतात. त्या म्हणाल्या, पॉलिसीत असतातच रे भोकं, म्हणून तर तुमच्यासारख्यांची गरज. मी मामांकडे बघितलं. मामा ताकाच्या वाटीत खोल बघत होते. ते मला रोज सकाळी त्या पाटीपाशी सोडायचे, काचा वर करून आणि रेडिओ लावून. त्यांना किती ठाऊक होतं हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. दोन-तीन दिवसांनी मी पुन्हा एकदा सांगून बघितलं. तोवर मामींनी मंडळात सांगून टाकलं होतं, आमचा बाळू कॉम्पेन्सेशनमध्ये आहे. तिसऱ्यांदा सांगायला गेलो तेव्हा एक काका घरी येऊन बसले होते. सुपरमार्केटसमोरच्या बर्फावर ते घसरले होते आणि गुडघ्याचे किती मिळतील हे त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं. मामी माझ्याकडे अभिमानानं बघत होत्या. मी म्हटलं, काका, शेक घ्या. ते गेल्यावर म्हणे फोनवर म्हणाले, मुलगा फार सावध बोलतो, मुरलेला आहे.

असं वर्ष-दीड वर्ष चाललं. आईला बिचारीला मी खरं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "चांगल्या भांड्याला भोकं पाडायची आणि वर पैसे घ्यायचे, हा काय धंदा रं?" आणि मग हळूच, "वहिनींना नगं सांगूस."

मग स्थळ आलं. एडिसन गावचे सरदेशमुख, मंडळाच्या कुठल्यातरी मेळाव्यात मामींची ओळख झालेली. मुलगी इथंच जन्मलेली, वडिलांना हवा होता मराठी बोलणारा, निर्व्यसनी, स्थिर नोकरीतला मुलगा. मामी फोनवर काय बोलल्या मला माहीत नाही, पण फोन ठेवून त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. "बाळू, योग बघ कसा. मुलीचे वडीलसुद्धा कॉम्पेन्सेशनमध्येच आहेत, मोठ्या कंपनीत. म्हणाले, आमचं जमेल." आईच्या हातातला डाव पातेल्यात पडला.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी बापलेक गाडीनं आले, तिकडच्या देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवरून मिठाईचा मोठा पुडा घेऊन. मुलीच्या आईचा गुडघा दुखत होता म्हणून त्या आल्या नव्हत्या. आता प्रश्न पडला पोह्यांचा. कांदेपोह्यांची बशी मुलीनं आणायची, पण मुलगी तर आपल्याकडे पाहुणी आलेली. मामींनी ह्यावर दोन दिवस विचार केला होता आणि निकाल दिला होता, की बघायला जो आलेला नाही त्यानं पोहे आणायचे. म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून, मान खाली घालून, ट्रे घेऊन आलो. चमचे ट्रेवर इतके वाजत होते की सरदेशमुख काका म्हणाले, सावकाश, सावकाश. मी म्हटलं, थँक्यू. मुलगी, अंजली तिचं नाव, खाली बघून हसली.

मी एक ठरवलं होतं. खोटं बोलायचं नाही. विचारतील त्याला खरंच उत्तर द्यायचं, पण तोकडं. काकांनी लिंबू पिळलं आणि आपल्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, तुमच्याकडे केसेस साधारण कुठल्या येतात?

"जास्त करून चव्वेचाळीस," मी म्हटलं.

चव्वेचाळीस हे काडतुसाचं माप. काका मान हलवून म्हणाले, बरोबर, त्या वयातच धक्का बसतो. त्याच्या वरचे?

"पन्नासचेही येतात. पण पन्नासला हातात धरवत नाही काका."

काकांचा चमचा थांबला. ते पन्नाशीच्या पुढचे होते आणि त्यांच्या कंपनीत, हे मला नंतर कळलं, माणसं कमी करणं चाललं होतं. "कोणी धरत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. मग सावरून त्यांनी विचारलं, आणि तुम्ही देता त्यानं भरून किती निघतं?

मी म्हटलं, धक्का तेवढाच राहतो. फक्त तोंड वर होत नाही.

"प्रकरण वरपर्यंत जात नाही. वा," काका म्हणाले. "आणि तक्रारी?"

"आवाज वाढतो. ज्याचं त्याला नाही वाटत तेवढं. शेजारच्याला जास्त."

"एकाला दिलं की शेजारचा ओरडतो," काका मामांना म्हणाले. "तीस वर्षं हेच बघतोय मी. ह्या मुलानं एका वाक्यात सांगितलं." मामींनी त्यांना आग्रहानं आणखी पोहे वाढले. मामा खिडकीबाहेरच्या खारीकडे बघत होते, जणू ती खारच आता काहीतरी करेल. आणि अंजलीनं खाणं बंद केलं होतं. ओठ आत दाबून ती माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते.

आम्हाला दोघांना बोलायला म्हणून मागच्या लाकडी डेकवर पाठवलं. काचेचं दार सरकवून बंद होईपर्यंत ती थांबली आणि मग तिनं विचारलं, "फॉर्टी-फोर मॅग्नम, राइट?"

मी कठडा धरला. ती म्हणाली, ती कान तपासण्याचं काम करते. क्लिनिकमध्ये शिकारी लोक येतात, कान गेलेले, आणि सगळे एकच सांगतात, की नळीला भोकं पाडून घेतली आणि मग हे झालं. "तुम्ही बाबांना होल्सबद्दल सांगत होता," ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आणि बाबा पेन्शनबद्दल ऐकत होते." मग ती इतकी हसली की आतून मामींनी पडदा बाजूला करून बघितलं आणि समाधानानं परत सोडला. मी तिला सगळं सांगितलं. आईचं, दशम्यांचं, सेशन आणि सेटरचं. ती हसायची थांबली. म्हणाली, मी नाही सांगणार. पण बाबांना कळणार. आणि मग तिनं विचारलं, तुम्ही स्वतः कानाला काही लावता की नाही?

बाबांना कळायला फार वेळ लागला नाही. आत गेलो तर काका चपला शोधत होते. एवढ्या समजदार मुलाचं ऑफिस वाटेवरच आहे तर बघून जावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. मी म्हटलं, आज शनिवार आहे. मामा म्हणाले, बंद असेल. मामी म्हणाल्या, "बंद कसलं, हा दर शनिवारी जातो की. किल्ली असेल ह्याच्याकडे. चला, मीही बघितलेलं नाही." आणि त्या डाळिंबी रंगाच्या रेशमी साडीवर मामांचं जाकीट आणि पायात पांढरे स्नीकर्स चढवून गाडीत जाऊन बसल्या. आई दारात उभी होती. मागच्या काचेतून मी बघितलं, ती आत वळली. सामान आवरायला गेली असावी असं मला वाटलं, आणि पुढं कळलं की ते खरंच होतं.

हरणांच्या शिकारीचा सीझन जवळ आला होता, म्हणून डेल मागच्या माळावर चाचण्या करत होता. मातीच्या बांधासमोर एका खोक्यावर भोपळा ठेवला होता. एवढी माणसं बघून त्याला आनंद झाला. ब्लूच्या घरचे म्हणून त्यानं प्रत्येकाशी हात मिळवला. सरदेशमुख काकांनी त्याच्या भुशाच्या दाढीकडे बघत विचारलं, कॉम्पेन्सेशन तुम्ही बघता का? डेल म्हणाला, आजूबाजूच्या तीन काउंट्यांत माझ्यासारखं कोणी करत नाही, दाखवतो. त्यानं सगळ्यांना चष्मे आणि कानावरचे जाड टोप दिले. काकांना वाटलं, फॅक्टरीत जायचंय. मग डेलनं भोकं नसलेलं एक रिव्हॉल्व्हर उचललं आणि एक गोळी उडवली. नळी सरळ आभाळाला भिडली. मग दुसरं उचललं, माझ्या हातचं, टोकाला डबा असलेलं. जाळाचा पंखा वर उडाला, आवाज छातीत घुसला, आणि नळी फक्त मान हलवल्यासारखी हलून जागेवर आली. डेल आमच्याकडे वळून म्हणाला, हे ब्लूचं काम.

सरदेशमुख काका एका जुन्या टायरवर बसले होते. त्यांनी टोप काढला. मग मामींकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही कॉम्पेन्सेशन म्हणाला होतात."

मामी त्या रिव्हॉल्व्हरकडे बघत होत्या. मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर तोच मऊपणा येऊ लागला होता जो मला पाठ होता, आणि मला लसणीच्या चटणीचा वास येऊ लागला. तो मऊपणा अर्ध्यावर आला आणि थांबला.

"मग हे काय आहे?" मामी काकांना म्हणाल्या. "हाताचं नुकसान होतं, ते हा भरून देतो. मी ऑफिस म्हटलं होतं का कधी? पगार घेतो, घरी आणून देतो. तुम्ही कागदावर देता, हा हातात देतो." आणि डेलकडे हात पुढे करून, "गिव्ह."

डेलनं माझ्याकडे बघितलं. मग त्यानं चकतीत एकच काडतूस घातलं, सगळ्यांना टोप पुन्हा चढवायला लावले, मामींना नीट उभं केलं, स्वतः मागे उभा राहिला. मामींनी पदर खोचला, टोप घातला आणि पोळी लाटायला बसावं तशा खांदे सरळ करून दोन्ही हात पुढे केले. आणि मला त्यांचा डावा अंगठा दिसला. तो पुढं सरकून नळी आणि चकतीच्या सांध्याजवळ गेला होता. तिथं कागदाच्या जाडीची एक फट असते आणि गोळी सुटते तेव्हा त्या फटीतूनही जाळ बाहेर येतो, भोकांतून येतो तसाच, पण आडवा. अंगठा कापून नेईल असा. डेल मागं, उजव्या बाजूला होता. त्याला तो दिसत नव्हता.

"अहो मामी, अंगठा मागं घ्या की! मरायचंय काय?"

हा आवाज माझा होता. टोपांमधूनही तो सगळ्यांपर्यंत पोचला. इचलकरंजीच्या दुकानात पट्टा सुटला की आम्ही एकमेकांवर ओरडायचो, तसा. त्या देशात आल्यापासून मी कोणावर आवाज चढवला नव्हता, दारावरसुद्धा नाही. मामींनी मान वळवली नाही. अंगठा मागं घेतला, जिथं हवा तिथं बसवला, आणि चाप ओढला.

भोपळा जसाच्या तसा राहिला. बांधाची थोडी माती उडाली. मामी जागच्या हलल्या नव्हत्या. त्या समोर बघतच काहीतरी बोलल्या, पण आमच्या सगळ्यांच्या कानांवर टोप होते. मी टोप काढून पळत गेलो, काय म्हणालात विचारलं, तर त्यांनी रिव्हॉल्व्हर डेलच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "बरं आहे. जरा जड आहे." डेलनं मला पुढं खूप दिवसांनी सांगितलं, की त्यानं कमी दारूचं काडतूस घातलं होतं, त्याच चकतीत तेही बसतं. कमी दारूला वायूही कमी, म्हणजे माझ्या त्या डब्याला त्या दिवशी फारसं काही करायचंच नव्हतं. मामींना ज्यानं सावरलं तो माझा कॉम्पेन्सेटर नव्हता. हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही. त्या नव्वदीत आहेत आणि अजून सांगतात, बाळूनं केलेलं होतं म्हणून, नाहीतर उडालेच असते.

गाडीकडे जाताना अंजली माझ्या बाजूनं चालत होती. तिच्या कामात ओठ वाचायची सवय लागते, असं ती म्हणाली. मामी काय म्हणाल्या ते तिनं बघितलं होतं.

"काय?"

"त्या म्हणाल्या, हा ओरडला मला." ती थोडं थांबली. "अँड शी वॉज स्माइलिंग."

बापलेक परस्पर एडिसनला गेले. काकांनी जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बरंच काही बोलले, पण सगळ्यांचेच कान वाजत असल्यानं कोणाला नीट कळलं नाही, आणि मामा गाडी चालवताना वाटभर हसत होते की खोकत होते हेही कळलं नाही. घरी आलो तर आई बेसमेंटमध्ये बॅगेशेजारी बसली होती, साड्यांच्या घड्या घालून ठेवलेल्या. मी तिला काही सांगणार तेवढ्यात वर कुकर वाजला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आणि मग जिन्याच्या तोंडाशी मामी.

"ए बाळ्या! बहिरा झालास का? तीन शिट्ट्या झाल्या, गॅस काय तुझा डेल येऊन बंद करणारे? आणि वन्सं, तुम्हीही ना, खाली काय अंडी उबवताय? मेथी कोण निवडणार?"

आई माझ्याकडे बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, मग ती हळूहळू दुसरंच काहीतरी झाली. मी दोन दोन पायऱ्या चढत वर गेलो आणि गॅस बंद केला. मामी कणीक मळत होत्या. त्यांनी वळूनही बघितलं नाही. त्यांच्या डाव्या अंगठ्याला कणीक लागली होती. थँक्यू माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"ओरडताय कशाला," मी म्हटलं, "येतच होतो की."